गच्चीवर बसायचं की हॉलमध्ये (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

बी ३०२ वहिनी: नमस्कार. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारचं हळदीकुंकू झालं, तीन दिवस गप्प बसले, आता बोलतेच. आक्का सकाळपासनं हॉलमध्ये राबत होत्या, खुर्च्या मांडल्या, शिरा त्यांनीच ढवळला, आणि कुंकवाचं ताट त्यांच्यापाशी येऊन पुढच्या बाईकडं गेलं. त्या उठून जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या, मी बघितलंय. मला आता तिथं आरतीला उभं राहवत नाही. ज्यांना वाटतंय त्यांनी आठवड्यातनं एकदा गच्चीवर बसूया. भटजी नाही, वर्गणी नाही, कुणाचा मान नाही. थोडा वेळ शांत, मग एखादं भजन. कोण कोण येणार?

सेक्रेटरी: गच्ची ही कॉमन जागा आहे. कार्यक्रमाला कमिटीची लेखी परवानगी लागते. कृपया नोंद घ्यावी 🙏

बी १०४ काकू: ताट माझ्या हातात होतं म्हणजे मलाच बोलताय की. रीत आहे ती, मी काढलेली नाही. इतकं होतं तर त्याच दिवशी तोंडावर बोलायचं.

ए ४०३: प्रसादाला तांबडा-पांढरा असला तर आपण दर आठवड्याला फिक्स 😂

तात्या ए १०१: काकू, रागाला जाऊ नका. रीत बदलता येते. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा तो महिना. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करा म्हणून परिपत्रक काढलं. एका गावाला जमलं ते चाळीस फ्लॅटना जमत नाही होय?

सी ३०४: चर्चा चालू दे, पण सी विंगच्या गेटसमोर पांढरी अॅक्टिव्हा कुणाची हाय? दूधवाला परत गेला.

सेक्रेटरी: गच्ची ही कॉमन जागा आहे. लेखी परवानगी. वर लिहिलंय.

ए २०२ भाऊ: वेगळं काढलं की सोसायटी फुटली समजा. गणपतीचं काय झालं विसरलात काय? दोन मूर्ती, दोन वर्गण्या, तीन वर्षं एकमेकाच्या लग्नाला गेलो नाही. आणि भटजी नको, मान नको, हे कसलं नवीन फॅड?

तात्या ए १०१: भाऊ, नवीन कसलं! पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाला भटजीनं वेदोक्त, म्हणजे वेदातले, मंत्र म्हणायचं नाकारलं, तिथनं किती पेटलं ते आपल्या गावाला सांगायला नको. १९११ ला कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, भटजीशिवाय लग्नं लागायला लागली. १९२० ला क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठ्यांच्या स्वतःच्या धर्मगुरूंचं, पीठ झालं. तिकडं मुंबईत प्रार्थना समाज १८६७ पासनं मूर्तीशिवाय उपासना करतोय. पण तुमची फुटायची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही.

बी ३०२ वहिनी: म्हणूनच मतदान घ्यायचं नाही. हात मोजले की हरलेला माणूस खाली कट्ट्यावर बसून बोलतो, गणपतीला हेच झालं. ज्याला अडचण आहे त्यानं इथंच सांगायची आणि आपण बेत बदलायचा. पटत नाही पण आड येणार नाही, असं असलं तर तेही सांगा. आणि एकालाही अगदीच नको असेल तर तेवढी गोष्ट करायची नाही.

सी २०१ दादा: आमच्यात सूर्यास्तानंतर खात नाहीत. प्रसाद असला तर लवकर उरका. मूर्ती कुठली ठेवणार तेही आधी ठरवा.

सी १०३: अम्मी विचारतीय आम्ही आलो तर चालेल काय. पूजा नाही करणार, नुसतं बसू.

बी ३०२ वहिनी: अम्मींना घेऊनच या. मूर्ती नको, फोटोही नको. साडेपाचला सुरू, सहाच्या आत गूळ-शेंगदाणे. माईक नाही.

ए २०२ भाऊ: निदान दिवा तरी पाहिजे. दिव्याशिवाय देवाचं नाव घ्यायचं मला जमणार नाही, आधीच सांगतो.

सी १०३: दिव्याला आमची ना नाही.

सी ३०४: अॅक्टिव्हा अजून तिथंच हाय!!

सेक्रेटरी: दिवा असो वा नसो. गच्ची ही कॉमन जागा.

आक्का: मी सकाळपासनं वाचतोय. माझ्यावरनं एवढं चाललंय आणि मला एकानंही विचारलं नाही. वहिनी, तुझं मन मला कळतंय ग. पण मला वेगळं नको होतं. मी जिन्यात गेलतो ते रडायला नाही, परत आत यावं का नको तेच कळंना झालतं म्हणून. आता तुम्ही सगळे वर गच्चीवर बसलासा की तो हॉल कायमचा तसाच राहणार. गच्चीला माझी ना हाय. आणि गुडघं पण चढत नाहीत.

बी ३०२ वहिनी: आक्का, चुकलं माझं. आधी तुमच्याकडं यायला पाहिजे होतं, मी सरळ ग्रुपवर लिहिलं. मग कुठं बसूया?

आक्का: हॉलमध्येच. दार उघडं ठेवून.

तात्या ए १०१: म्हणजे गच्ची रद्द. आपलाच नियम आहे, एकाचं नको म्हणजे नको.

ए २०२ भाऊ: हॉल म्हणत असाल तर मग वेगळं राहिलं कुठं. मला सगळं पटलेलं नाही, पण आड येत नाही.

बी १०४ काकू: हळदीकुंकू पुढच्या वर्षीही मीच करणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

आक्का: करा की. मी शिरा ढवळीन. ताट आलं की मी हात पुढं करणार, मग तुम्ही काय ते ठरवा.

(बराच वेळ कुणाचा मेसेज नाही.)

सेक्रेटरी: हॉल रविवारी साडेपाचला रिकामा असतो. तरी अर्ज द्यावा.

बी ३०२ वहिनी: आत्ता लिहिते. आक्का, पहिली सही तुमची. समई कुणाकडं आहे?

बी १०४ काकू: माझ्याकडं आहे, पितळेची, घासलेली. न्यायला पोरगं पाठवा. मी येते असं म्हणत नाही.