परदेश, डोंगर, एकटेच: घरी काय सांगितलं होतंत?

जुळेसोलापूरकर
भाच्याचा व्हिसा आला, परवा निघणार. घरात मधोमध वजनकाटा आणि चहूबाजूंनी बायका. आईनं कडक भाकरीची चवड टॉवेलात गुंडाळली, शेंगाचटणीचा डबा वर ठेवला आणि त्याला म्हणाली, "डोंगराबिंगरात एकटा जाऊ नको रे. मामा बघ, दोन वर्षं राहिला, कधी गेला नाही." मी मुकाट्यानं बॅगेची चेन लावत बसलो.

मामा गेला होता. ३० ऑक्टोबर २०११, रविवार. म्युनिकला शिकत होतो. भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले, रूमवर बसवेना. दिवसभर कुठल्याही पॅसेंजरमध्ये चालणारं बायर्न तिकीट काढलं आणि सकाळी आठला गार्मिश-पार्टेनकिर्शेनला उतरलो. तिथून पार्टनाख नदीची घळ, दोन्हीकडे ऐंशी मीटरचे कडे, कातळात कोरलेली वाट, डोक्यावर टपटप पाणी. पुढे राइनटाल नावाची लांबच लांब दरी. हीच वाट वर त्सुगश्पित्सेला जाते, २९६२ मीटर, जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर. मला शिखर नको होतं. दरीतल्या हटपर्यंत, म्हणजे डोंगर चढणाऱ्यांच्या विसाव्याच्या घरापर्यंत जायचं, गरम सूप प्यायचं, परत.

हट बंद. सीझन संपलेला. बाहेरच्या बाकड्यावर बसून भाकरी मोडली तर असा कडाका झाला की मीच दचकलो. चटणीतलं तेल थिजून ढेकूळ झालं होतं, नखानं खरवडून खाल्ली.

आणि इथंच घोळ झाला. तिकडं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागं घेतात. सकाळी तासभर जास्त झोपायला मिळाली म्हणून मी खूश. तो तास संध्याकाळी वसूल होणार हे डोक्यातच नाही. आदल्या आठवड्यात सहापर्यंत उजेड असायचा, त्या हिशोबानं निवांत निघालो. पाचलाच सूर्य गायब. खाली नदीचा आवाज, हातात नोकियाचा टॉर्च, आणि अजून तासाभराची चाल.

आई जेवणं आवरून रोज रात्री साडेनऊला फोन करायची. तिचे साडेनऊ म्हणजे माझे सहा. त्या दिवसापासून पाच झाले. मी रेंजच्या बाहेर. तिनं किती वेळा लावला देव जाणे. रेंज आली त्याच मिनिटाला फोन वाजला.
"कुठं होतास?"
"लायब्ररीत. फोन सायलेंटवर होता."
"मग ती बाई कोण बोलत होती? सारखी उचलून इंग्लिशमध्ये कायतरी सांगायची."
ती 'संपर्क क्षेत्राबाहेर'वाली, जर्मनमधली. मी सांगितलं, लायब्ररीयन आहे.

चौदा वर्षं ही थाप टिकून आहे. तुमच्या सांगा.

शेवग्याची_शेंग
पैली मी!! दूध गॅसवर आहे, येते परत

पार्कचौक
लायब्ररीयन 😂😂 बे काय लका

सातरस्ता_ते_स्कॉटलंड
माझं स्कॉटलंडचं बेन नेव्हिस शिखर. उंची १३४५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६, म्हटलं हे तर पोरगंच की. पण फोर्ट विल्यम गाव समुद्राच्या काठी आहे, म्हणजे तेराशेच्या तेराशे मीटर स्वतःच्या पायांनी चढायचे. हे गणित मला निम्म्यात कळलं. वर धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. शिखरावर जुन्या वेधशाळेचे पडके दगड आहेत, १९०४ ला बंद पडलेली, तिच्या आडोशाला बसले. तिथं एक म्हातारं जोडपं भेटलं. आजीबाईंनी होकायंत्र काढून सांगितलं, उतरताना आधी २३१ अंशावर दीडशे मीटर, मग २८२ वर वळायचं. त्यात चूक झाली की घळीत. मी निमूट त्यांच्या मागं.
घरी "मैत्रिणींबरोबर जातेय" असं सांगितलं होतं. पुरावा हवा म्हणून त्या दोघांना आणि आणखी दोन अनोळखी बायकांना उभं करून फोटो काढला, पाठवला. बाबांचा मेसेज: "छान. तुझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं वय सत्तरच्या पुढं दिसतंय."

पार्कचौक
बाबा रॉक्स. आणि त्या डासांचं काय ते, मिज? चावले का?

सातरस्ता_ते_स्कॉटलंड
नाव काढू नको. वारा थांबला की ढगच येतो अंगावर. सोलापूरचे डास परवडले, निदान आवाज तरी करतात.

कन्नाचौक७७
थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. यात कौतुक काय आहे? पाय मुरगळला असता तर? आईबापानं कर्ज काढून पाठवायचं आणि तुम्ही न सांगता दरीत.

जुळेसोलापूरकर
कौतुक नाहीच ओ. म्हणून तर चौदा वर्षं गप्प होतो. चूक नेमकी काय झाली ते मात्र भाच्याला बाजूला घेऊन सांगितलंय: हेडटॉर्च, आणि खोलीतल्या एकाला तरी परतायची वेळ.

गड्ड्याची_शिट्टी
कन्नाचौक, मुद्दा बरोबर आहे, पण पोरं जाणारच. त्यापेक्षा हे शिकवा: आल्प्समध्ये मदत मागायची खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, म्हणजे दर दहा सेकंदाला एक. मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. समोरून मिनिटाला तीन आले की समजायचं, ऐकलंय कुणीतरी. फोन लागत असेल तर ११२.
मला कसं माहीत? झुरिकला होतो. तिथं पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेला असतो, दोन तास, तीन तास. तो वेळ त्यांच्या चालीचा आणि न थांबता. माझा दोनाचे चार झाले, ढग उतरला, वाट गेली. खिशात गड्डा यात्रेतली प्लास्टिकची शिट्टी होती, पुतण्यानं दिलेली. सहा वेळा फुंकली. मिनिट थांबलो. सहा वेळा फुंकली. धुक्यातून घण घण आवाज यायला लागला आणि एकेक करून अकरा गायी आल्या. मला वेढून उभ्या. मागून त्यांचा मालक आला, तो मला सोडून गायींवरच ओरडत होता.
घरी सांगितलेलं: प्रोजेक्टची साइट व्हिजिट.

शेवग्याची_शेंग
दूध उतू गेलं. तुमच्या गायीपायी. 😭

विजापूरवेस_आई
मी नेहमी नुसती वाचते. आज लिहितेय. माझा मुलगा फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आहे, गेल्या सप्टेंबरपासून. खिडकीतून डोंगर दिसतात म्हणतो. हा पोरगा शनिवार-रविवारी लायब्ररीत असतो. आत्ताच फोन लावते.

पार्कचौक
अर्रर्र. जुळेसोलापूरकर, तुमच्यामुळं एक विकेट.

भुलाभाई_नाही
डोंगर नाही पण चालणं आपल्या रक्तात आहे बरं का. पुनवेला सोलापूर-तुळजापूर चालत गेलेला माणूस तुमच्या दरीला काय भिणार. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर, तेही अनवाणी.

जुळेसोलापूरकर
खरंय. त्या दिवशी जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर झाले असतील, पायांनी तक्रार केली नाही. पण तुळजापूरच्या वाटेवर दर शंभर पावलांवर चहा देणारा असतो हो.

भुलाभाई_नाही
आणि केळी

पूर्वभाग_चादरवाला
मी पोलंडला शिकत होतो, ताट्रा पर्वतात गेलो तेव्हा घरची चादर घेऊन गेलो होतो. आमच्याच मागावरची, अस्सल. उबदार आहे ना म्हणून. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात, तेवढं वाचून गेलो होतो. पाऊस आला. सुती चादर भिजल्यावर तिचं वजन किती होतं हे आमच्या वडलांनाही माहीत नसेल. पिळायला दोन माणसं लागली, त्यातला एक स्लोव्हाक.

सातरस्ता_ते_स्कॉटलंड
जुळेसोलापूरकर, घळीतून अंधारात कसा आलास ते राहिलं.

जुळेसोलापूरकर
घळीत शिरायची हिंमतच झाली नाही. वरून जंगलाचा गाडीरस्ता आहे, तो धरला. वाटेत एक म्हातारा कुत्रं फिरवत होता. माझ्या तोंडावर बॅटरी मारून म्हणाला, "आलाइन?" एकटा? मी म्हटलं, "या", म्हणजे हो. मग स्टेशनच्या वळणापर्यंत काहीतरी बडबडत सोबत आला. भाषा निम्मी कळली नाही, पण सूर आमच्या आजोबांचा. शिव्याच होत्या. शेवटी उरलेली भाकरी दिली त्याला. त्यानं वास घेतला, ठोकून बघितली आणि कुत्र्याला दिली. कुत्र्यानं खाल्ली नाही.

पार्कचौक
कडक भाकरीचा अपमान. निषेध.

विजापूरवेस_आई
उचलला. म्हणतो लायब्ररीतच आहे. मग एवढा वारा कसला येतोय विचारलं तर म्हणतो एसी.

गड्ड्याची_शिट्टी
काकू, त्याला शिट्टी पाठवा.

विजापूरवेस_आई
पाठवते. बरं, भाच्यासोबत भाकरी देताय त्या किती दिवस टिकतात? आणि साजूक तूप दिलं तर चालतं का?

जुळेसोलापूरकर
तूप नको काकू. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत, काढून टाकतात. भाकरी ज्वारीच्या घ्या, ओल लागू दिली नाही की महिनाभर काही होत नाही. आमच्या बॅगेत चाळीस गेल्यात. आई अजून दहा कोंबतेय, काटा बावीसवर आहे, जातो.