फिट थांबल्या, पण मेंदूचं शिकणंच मंदावलं तर?

कोरीपाटी: एपिलेप्सीचं औषध लागू पडलं की नाही हे फक्त फिट मोजून ठरवतात, ते मला पटतच नाही. शिकताना पेशींमधले जोड घट्ट होतात, त्याला ग्लुटामेट या मेंदूतल्या रसायनाची उत्तेजना लागते, आणि बऱ्याच गोळ्या एकतर उत्तेजना दाबतात नाहीतर गाबा या पेशी शांत करणाऱ्या रसायनाचा ब्रेक वाढवतात, मग परिणाम होणारच ना? १९९० च्या अभ्यासात तापात फिट येणाऱ्या लहान मुलांना दोन वर्षं फेनोबार्बिटल हे फिटचं औषध दिलं, त्यांचा आयक्यू प्लासिबोवाल्यांपेक्षा (म्हणजे औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा) कमी निघाला, आणि फिटसुद्धा काही खास कमी झाल्या नाहीत!

रोखठोक: फेनोबार्बिटल १९१२ पासूनचं औषध आहे हो, त्याच्यावरून सगळ्या गोळ्यांना कशाला झोडपता? आणि मेंदू फिट यायलाही शिकतो हे विसरलात. प्राण्यांच्या मेंदूला रोज बारीकसा करंट दिला, सुरुवातीला काहीच होत नाही, पण देत राहिलं की तेवढ्याच करंटला पूर्ण फिट येते. हीपण जुळवून घ्यायचीच ताकद, ती दाबली तर बिघडलं कुठे?

अर्धविराम: टोपिरामेट या फिटच्या गोळीवर मला बोलता बोलता साधे शब्द सापडायचे नाहीत, मीटिंगमध्ये नुसतं "ते… ते हे" चालायचं. लॅमोट्रिजिन या दुसऱ्या गोळीवर आणलं (रॅशच्या भीतीने अगदी हळूहळू डोस वाढवत) आणि फरक पडला. लेव्हेटिरासिटॅमवर काहींची चिडचिड वाढते ते वेगळंच. त्यामुळे "गोळ्या" म्हणून एकच गठ्ठा करू नका.

वाचनवेडा: उलटंही आहे की. २०१३ च्या एका छोट्या प्रयोगात व्हॅल्प्रोएट (हीपण फिटचीच गोळी) घेतलेल्या मोठ्या पुरुषांना सूर ओळखायला शिकणं सोपं गेलं.

कोरीपाटी: आणि त्याच २०१३ मध्ये, गरोदरपणी आईने व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मुलांचा सहाव्या वर्षी आयक्यू कमी निघाला, तेही सांगा ना.

रोखठोक: ते मान्य. पण असलं वाचून कोणी मनानेच गोळी सोडेल त्याचं काय? १९९१ चा एक अभ्यास बघा, दोन वर्षं फिट नसलेल्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू गोळ्या सोडल्या तरी पुढच्या दोन वर्षांत ४१ टक्क्यांना परत फिट आली, चालू ठेवणाऱ्यांत २२.

कोरीपाटी: सोडा कोण म्हणतंय? गोळी सुरू करायच्या आधी स्मरणशक्तीची टेस्ट करा, सहा महिन्यांनी परत करा, एवढंच म्हणतेय. आधीचं मोजलंच नसेल तर पेशंटने "डोकं चालत नाही" म्हटल्यावर डॉक्टर तुलना कशाशी करणार?