ओहोस देल सालादो: चिलीतून जावं की अर्जेंटिनातून? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत मी आणि माझा आतेभाऊ ओहोस देल सालादोला जायचं म्हणतोय. चिली-अर्जेंटिना सीमेवरचा, ६८९३ मीटर, जगातला सर्वांत उंच ज्वालामुखी. आमचा अनुभव किलिमांजारोपर्यंतचा, बाकी सगळा सह्याद्री.

घोडं अडलंय वेळापत्रकावर. चिलीत कोपियापोहून निघालेली जीप पार ५२०० मीटरच्या आसपास असलेल्या आताकामा निवाऱ्यापर्यंत पोचते. म्हणून भाऊ म्हणतो, आठवड्यात उरकू. मला धास्ती नेमकी त्या जीपचीच वाटते. किलिमांजारोला चालण्यातच उंचीची सवय होत गेली, इथे ती संधीच नाही. अर्जेंटिनातून, फियांबालाकडून गेलं तर वाट लांब, सामान खेचरांवर, अंगाला सवय होत जाते. पण तेवढी रजा कोण देतो?

चिलीतूनच गेलो तर मुक्काम कुठे करावेत? शिखराजवळ दोर लागतो म्हणे. अलंग-मदन केलेल्याला जमेल का? आणि परवानगीचं काय?

प्रतिसाद:
चिलीतूनच जा, पण भाऊरायांना आवरा. आठवडा म्हणजे डोकेदुखी, उलट्या आणि परत फिरणं. फुप्फुसात पाणी झालं तर जिवावर बेतेल. आधी लागुना सांता रोसा (लागुना म्हणजे तळं), साधारण ३७०० मीटर. मग लागुना वेर्दे, साधारण ४३००. इथे भरपूर रात्री काढा. गरम पाण्याचे झरे आहेत, कंटाळा येणार नाही. तळं खारट आहे, पिण्याचं पाणी कोपियापोहूनच भरून न्या. आताकामाला आधी नुसतं जाऊन या, झोपायला खाली. तिथे रुळलात की मगच ५८०० च्या तेहोस निवाऱ्याचं बघा.

दोराचा टप्पा विवराच्या काठावर, अगदी छोटा. अलंगपुढे काहीच नाही, पण तिथे दम उरलेला नसतो. आधीच्यांनी सोडलेल्या दोरांवर भरवसा नको. सीमेवरचं शिखर असल्याने परदेशी माणसाला डिफ्रोल या सरकारी कार्यालयाची परवानगी लागते. ऑनलाइन मिळते, फुकट. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून.

धागाकर्ती:
खूप आभार! भावाला वाचून दाखवलं, आता बारा-तेरा दिवसांवर आलाय. लागुना वेर्देच्या वाऱ्यात साधा तंबू टिकतो का?