दर सेमिस्टरला नवी कोर्स साइट हवी, की जुनीच झाडून-पुसून वापरायची?

सर्व्हररूमचा_बाबू (धागाकर्ता)

आमच्या कॉलेजात मूडल आहे. ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी: ऑनलाइन वर्ग चालवायचं हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुगिआमास यांनी ते सुरू केलं, १.० आवृत्ती २००२ ची. प्रत्येक विषयाची एक 'कोर्स साइट' असते. नोट्स, असाइनमेंट, क्विझ, गुण, चर्चा सगळं तिथेच. मी त्याचा अ‍ॅडमिन. कागदोपत्री हुद्दा प्रयोगशाळा सहायक, पण ते जाऊ द्या.

दर जूनमध्ये एक-एक सर, मॅडम दारात येतात आणि म्हणतात, "अहो, ती जुनी मुलं तेवढी काढून द्या ना." म्हणजे साइट गेल्या वर्षीचीच, फक्त मुलं बदलायची. गेल्या जुलैत एका सरांनी माझी वाट न बघता स्वतःच 'रीसेट' केलं. समोर दिसतील त्या सगळ्या चौकटींवर टिचकी मारली. ६८ मुलांच्या असाइनमेंट, क्विझचे प्रयत्न, गुण, सगळं साफ. "रीसायकल बिनमधून काढा की," म्हणाले. चुकून डिलीट केलेली असाइनमेंट किंवा अख्खा कोर्स बिनमध्ये सापडतो, मूळ सेटिंग असेल तर आठवडाभर. रीसेट केलेलं तिकडे जातच नाही. माझ्याकडचा बॅकअप तेरा दिवस जुना होता, त्यात माझीही चूक आहेच. पण त्या तेरा दिवसांतच सरांनी उरलेल्या असाइनमेंट तपासून गुण भरले होते.

म्हणून मी प्राचार्यांकडे नियम मांडलाय. दर सेमिस्टरला प्रत्येक विषयाची नवी साइट, नावात वर्ष आणि विषम/सम सत्र. मजकूर जुन्या साइटवरून आणायचा, मुलं नाहीत. निकालानंतर ६० दिवसांनी जुनी साइट विद्यार्थ्यांपासून लपवायची. पाच वर्षं सर्व्हरवर ठेवायची, कारण नॅकला (कॉलेजांचं मूल्यमापन करणारी संस्था) मागच्या काही वर्षांची माहिती द्यावी लागते. मग बॅकअप फाइल करून वेगळ्या डिस्कवर.

स्टाफरूममध्ये मात्र माझ्या नावाने शंख चाललाय. इथल्या लोकांना काय वाटतं?

---

श्रेढी_मॅडम

स्पष्टच लिहिते. हा नियम शिकवणाऱ्याच्या नाही, ऑफिसच्या सोयीचा आहे.

मी गणित शिकवते. माझी साइट २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून एकच आहे. त्यात सगळ्यात मोलाचं काय असेल तर चर्चेचं पान. 'गुणोत्तर कसोटीचं उत्तर १ आलं तर पुढे काय?' असं २०२१ मध्ये एका मुलीने विचारलं होतं. मी उत्तर लिहायच्या आत दुसऱ्या एका मुलाने दोन उदाहरणं सोडवून टाकली, एक श्रेढी अभिसारी, एक अपसारी, दोन्हींत गुणोत्तर १. माझ्या तीन तासिकांत जे झालं नसतं ते त्या आठ ओळींत झालं. आज पाचवी बॅच ते वाचते. तुमच्या 'इम्पोर्ट'मध्ये काय येतं? रिकामं चर्चापान. मुलांनी लिहिलेलं काहीही येत नाही.

शिवाय इम्पोर्ट केलेल्या क्विझच्या तारखाही गेल्या वर्षीच्याच राहतात. एकदा तुमच्यासारख्याच एका उत्साही अ‍ॅडमिनचं ऐकलं, तर पहिल्याच दिवशी मुलांना 'ही क्विझ बंद झाली आहे' असं स्वागत.

गट करा की! दर बॅचचा एक गट, 'व्हिजिबल ग्रुप्स' ठेवा. एकमेकांचं वाचता येतं, लिहिता येतं फक्त आपापल्या गटात. जुन्या मुलांची नोंदणी 'सस्पेंड' करा, म्हणजे ती आत येत नाहीत आणि त्यांचं काम जागेवर राहतं. गुणपत्रकातही फक्त चालू नावं दाखवायची सोय आहे. मग नवी साइट कशाला?

---

सर्व्हररूमचा_बाबू

मॅडम, तारखांचं खरं आहे, पण तो इम्पोर्टचा दोष. बॅकअप घेऊन नव्या कोर्समध्ये 'रिस्टोअर' केला आणि सुरुवातीची तारीख नवी दिली, की आतल्या तारखा तेवढ्याच दिवसांनी पुढे सरकतात. दिवाळीची सुट्टी तेवढी हाताने बघायची.

गटांचंही पटतं, तुम्ही एकट्याच असाल तोवर. २०२३ ची एक असाइनमेंट जुनी झाली म्हणून तुम्ही २०२५ मध्ये डिलीट केलीत, तर २०२३ च्या मुलांनी सादर केलेलं सगळं तिच्याबरोबर गेलं. तुम्ही करणार नाही हे मान्य. पण तुमची बदली झाली की पुढचे सर करतील, आणि मग माझ्याच दारात येतील.

आणि ज्या मुलीचा प्रश्न आज पाचवी बॅच वाचते, तिचं नाव दिसतं ना तिथे? तिला कुणी विचारलं होतं का? २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय.

---

श्रेढी_मॅडम

नाव काढून टाकेन. आठ ओळी राहतील.

---

तासिकातत्त्व

तुम्ही दोघं साइट नवी की जुनी यावर भांडताय. ती *कुणाची*, हे कुणीच बोलत नाही.

मी सीएचबीवरचा माणूस, म्हणजे तासिका तत्त्वावर. दोन वर्षं एका कॉलेजात शिकवलं. घरी रात्री, मुलं झोपल्यावर, स्वयंपाकघरात मोबाइल मिक्सरला टेकवून व्हिडिओ केले. एकूण ४१. एप्रिलमध्ये तासिका संपल्या, मे महिन्यात लॉगिन बंद. जूनमध्ये दुसऱ्या कुणाला तोच विषय दिला आणि साइट आयती त्याच्या हातात. मुलं अजून माझाच आवाज ऐकतात, एका व्हिडिओत तर मागे कुकरच्या शिट्ट्याही आहेत. मला तासाचे पैसे मिळाले ते वर्गातल्या तासांचे. त्या ४१ व्हिडिओंचे कुणी मोजले?

बाबूसाहेबांच्या नियमात हे सगळं अजून सोपं होईल. दर वर्षी नवी प्रत, नवा शिक्षक, जुन्याचं नावही पुसलं.

---

काळा_कोट

@तासिकातत्त्व, प्रताधिकार कायदा १९५७, कलम १७. नोकरीचा भाग म्हणून, सेवा-करारानुसार केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. आता तासिका तत्त्व हा 'सेवा-करार' आहे का, यावर तासभर वाद घालता येईल. तुमच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे: घरी, स्वतःच्या साधनांवर, कामाच्या तासांबाहेर. नेमणुकीच्या पत्रात यावर एक ओळ तरी आहे का, ते आधी बघा. बहुतेक नसेल.

---

सर्व्हररूमचा_बाबू

@तासिकातत्त्व सर, तुमचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, तुमच्यासारख्या प्रत्येकाने करावी. शिक्षक म्हणून मूडलमध्ये स्वतःच्या कोर्सचा बॅकअप घ्यायचा हक्क तुम्हाला मुळातच असतो. एमबीझेड फाइल तयार होते. लॉगिन बंद व्हायच्या आत ती उतरवून घ्या. मुलांची माहिती त्यात येत नाही, ती परवानगी फक्त मॅनेजरला असते, त्यामुळे कुणी बोटही दाखवू शकत नाही. पुढच्या कॉलेजात ती फाइल तशीच चढते. मूळ बनवणाऱ्याचं नाव नव्या साइटवर राहील, हे मी नियमात घालतो. माझ्या हातात तेवढंच आहे.

---

चाकण_नाइट_शिफ्ट

"ती परवानगी फक्त मॅनेजरला असते." धन्यवाद, दोन वर्षांचं कोडं सुटलं.

मी २०२२ चा पासआउट. कंपनीत रात्रपाळीला उभा असताना कॉलेजचा मेल आला: 'युनिट २ ची असाइनमेंट उद्या रात्री ११:५९ पर्यंत सादर न केल्यास अंतर्गत गुण मिळणार नाहीत.' क्षणभर खरंच पोटात गोळा आला हो. मग आमच्या जुन्या ग्रुपवर बघितलं तर सगळ्यांनाच आलेला. एकाने तर असाइनमेंट सादर केली, गंमत म्हणून. सरांनी दहापैकी सात दिले!

म्हणजे कुणीतरी जुन्या साइटची प्रत 'मुलांसकट' नव्या जागी चढवली, आणि तो कुणीतरी सरांपैकी नव्हता, ऑफिसातलाच होता. आता बोला, चुका फक्त शिक्षक करतात का?

---

सर्व्हररूमचा_बाबू

:) नाही. 'नोंदणी केलेले वापरकर्ते समाविष्ट करा' ही खूण काढायची राहिली की हेच होतं. सूचनांच्या पानाचं सबस्क्रिप्शन सगळ्यांना सक्तीचं असतं, त्यामुळे मेल सगळ्यांना. तुमचं कॉलेज आमचं नसावं अशी आशा करतो.

---

गुगल_जिंदाबाद

एवढा व्याप कशाला? आम्ही गुगल क्लासरूम वापरतो. सेमिस्टर संपलं की 'अर्काइव्ह' दाबायचं. सर्व्हर नाही, बाबू नाही, भांडण नाही.

---

सर्व्हररूमचा_बाबू

आणि त्या वर्गाचं फोल्डर कुणाच्या ड्राइव्हमध्ये असतं? मुख्य शिक्षकाच्या. ते निवृत्त झाले, ऑफिसने फाइली दुसऱ्याच्या नावावर न करता खातं काढून टाकलं, की परत आणायला २० दिवस मिळतात. त्यानंतर राम राम. जागाही पूर्वी अमर्याद होती, २०२२ पासून संस्थेला मिळून १०० टीबी. पोरं व्हिडिओ टाकायला लागली की ती किती दिवस पुरते ते बघा. वर 'बाबू नाही' म्हणता, तर तुमच्याकडे खाती कोण काढतं?

---

खर्चाचा_हिशेब

मला बाबूंचा प्रस्ताव परवडणारा वाटत नाही. आमच्याकडे १८० विषय. दर सेमिस्टरला १८० नव्या प्रती, प्रत्येकीत त्याच पीपीटी, तेच व्हिडिओ. वर्षाला दोनदा डिस्क दुप्पट. व्यवस्थापनाकडे पैसे मागायला तुम्ही जाणार?

---

सर्व्हररूमचा_बाबू

नाही होत दुप्पट. या एका बाबतीत मूडलची मांडणी फार शहाणी आहे. फाइल नावाने ठेवली जात नाही, तिच्या मजकुरावरून काढलेल्या एका सांकेतिक आकड्याने ठेवली जाते. तीच पीपीटी दहा साइटवर असली तरी डिस्कवर एकदाच. जागा खातात त्या बॅकअपच्या एमबीझेड फाइली. म्हणूनच त्या वेगळ्या डिस्कवर हलवायच्या. सर्व्हरमध्ये 'डीयू' कमांड मारून बघा, खरी किती जागा भरलीय ते कळेल.

---

अ‍ॅन_आर्बरचा_पुणेकर

मी अमेरिकेत विद्यापीठातल्या अशाच खात्यात काम करतो. इथे साइट कुणी 'बनवत' नाही. रजिस्ट्रारकडे तुकडी तयार झाली की साइट आपोआप जन्माला येते, विद्यार्थी नोंदणीप्रमाणे आत-बाहेर होतात. प्राध्यापकाने 'पब्लिश' दाबेपर्यंत मुलांना ती दिसत नाही. म्हणजे दर टर्मला नवी साइट, यावर वाद उरलेलाच नाही.

पण बाबू, तुमचं एक कलम मला खटकतं. निकालानंतर *लपवायची* का? आमच्या कॅनव्हासमध्ये (मूडलसारखंच सॉफ्टवेअर) टर्म संपली की कोर्स वाचण्यापुरता उघडा ठेवता येतो. जुनी साइट म्हणजे मुलाची वही. परीक्षा झाली म्हणून वही जप्त करतो का आपण?

---

दोन_विषय_राहिले

कुणीतरी बोललं शेवटी 🙏

मी एटीकेटीवाला. दुसऱ्या वर्षाचं गणित राहिलंय. आमची साइट गेल्या सप्टेंबरमध्ये लपवली. ऑफिसला विचारलं तर म्हणतात नव्या साइटवर जा. नवी साइट २०२४ पॅटर्नची आहे, माझा पेपर २०१९ पॅटर्नचा. युनिट वेगळे, गुणांची विभागणी वेगळी. जुन्या नोट्स आता झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, ८० रुपयांना, त्यातही तिसरं युनिट नाही. ज्या मॅडमनी त्या फुकट चढवल्या होत्या त्यांना हे माहीतही नसेल.

---

श्रेढी_मॅडम

बघा. माझ्या 'जुनाट' साइटवर दोन्ही पॅटर्न शेजारी-शेजारी आहेत, आणि एटीकेटीच्या मुलांची नोंदणी मी सस्पेंड करत नाही. त्यांना कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

---

सर्व्हररूमचा_बाबू

एटीकेटीचा विचार मी केला नव्हता. कबूल.

लपवण्याऐवजी 'कॉन्टेक्स्ट फ्रीझिंग' वापरता येईल. अ‍ॅडमिनला ते आधी चालू करावं लागतं, मग कोर्स गोठवला की मुलांना सगळं वाचता येतं पण नवीन काही सादर करता येत नाही, आणि शिक्षकांनाही चुकून काही उडवता येत नाही. ६० दिवसांचं कलम काढून हे टाकतो. दर सेमिस्टरला नवी साइट यावर मात्र मी ठाम आहे, आणि शिक्षकांच्या भूमिकेतून रीसेटचा हक्क सोमवारी काढतोय. मॅडम, गोठवलेल्या जुन्या साइटचा दुवा नव्या साइटवर सगळ्यात वर देता येईल, तुमच्या आठ ओळी तिथून वाचता येतील. फक्त तिथे नव्या मुलांनाही घ्यावं लागेल, आणि नावं आधी काढावी लागतील.

---

श्रेढी_मॅडम

रीसेटचं बटण खुशाल काढा. पण गोठवलेल्या चर्चेत सहाव्या बॅचचा मुलगा आपल्या गटातूनही नववी ओळ लिहू शकणार नाही. मी तुमच्याच कॉलेजात असते तर सोमवारी तुमच्या दारात उभी असते.

---

दोन_विषय_राहिले

दादा, तुम्ही आमच्याच कॉलेजचे वाटता. रीसेटचा तो किस्सा आमच्याकडे सगळ्यांना माहितीये. साइट कधी उघडताय? पेपर १२ तारखेला आहे.

---

सर्व्हररूमचा_बाबू

पीआरएन (नोंदणी क्रमांक) व्यक्तिगत निरोपाने पाठवा. आज संध्याकाळी बघतो. तिसरं युनिट आहे त्यात.