एनएबीएच या रुग्णालयाच्या दर्जाच्या प्रमाणपत्रासाठी रुग्णालय तयार करणाऱ्या सल्लागारानेच आढावा घ्यावा का?

निर्जंतुक
माझे ठाम मत: ज्याने एसओपी (कामाच्या लेखी ठरवलेल्या पद्धती) लिहून दिल्या, त्याने त्याच रुग्णालयाचे अंतर्गत ऑडिट किंवा मृत्यू-आढावा करू नये. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठीच्या आयएसओ १७०२१-१ या मानकानुसार ज्याने ग्राहकाला प्रणालीचा सल्ला दिला, त्याला पुढची २ वर्षे प्रमाणपत्र संस्थेने त्या ग्राहकाच्या ऑडिटला पाठवायचे नसते. रुग्णालयात हाच दंडक का नको? इथे तर प्रमाणपत्रावर पैसा अवलंबून आहे. सीजीएचएसमध्ये (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) एनएबीएच नसलेल्या रुग्णालयाला दर कमी मिळतो.

तीस_खाटा
३० खाटांच्या रुग्णालयात हे चालणार नाही. तिथे मालक डॉक्टर, एक प्रशासक आणि वॉर्ड सांभाळून इन्फेक्शन कंट्रोल बघणारी सिस्टर. मानके कळणारा माणूस तो सल्लागारच. त्याला काढलेत तर आढावाच होणार नाही, आणि असेसमेंटच्या आदल्या आठवड्यात सगळी रजिस्टरे एकाच पेनाने भरली जातील. हितसंबंध लेखी घ्या, तेवढे पुरे.

आकडेमोड
नाही पुरे. लघवीच्या नळीमुळे होणाऱ्या संसर्गाचा दर म्हणजे संसर्ग भागिले कॅथेटर-दिवस (रोज किती रुग्णांना नळी आहे, त्याची महिन्याची बेरीज), गुणिले १०००. कॅथेटर-दिवस रोज ठरलेल्या वेळी न मोजता महिनाअखेरीस अंदाजाने भरले, तर दराला अर्थच उरत नाही. सलग ६ महिने दर शून्य दिसला, तर आधी युरिन कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) किती पाठवली ते विचारा. ज्या सल्लागाराने मोजणीचा तक्ता बसवून दिला, तो अहवालात 'मोजणीच चुकली' असे लिहील? त्यात निम्मी फी प्रमाणपत्र मिळाल्यावर द्यायची असेल, तर मुळीच नाही. पहिला घाव या अटीवर घाला. त्रुटी शोधणे, एसओपी, प्रशिक्षण अशा टप्प्यांवर फी द्या, निकालावर एक रुपयाही नको.

ऑडिटवाली
@तीस_खाटा, अदलाबदल करा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या तेवढ्याच रुग्णालयाची सिस्टर तुमचे २० केसपेपर तपासेल, तुमची सिस्टर तिकडचे. कागद सल्लागाराने निवडायचे नाहीत. डिस्चार्ज रजिस्टरमधला दर पाचवा घ्यायचा, नाव झाकून. सल्लागार शंका सोडवायला येऊ शकतो, गुण देताना खोलीत नको.
आणि 'हितसंबंध नाहीत' हे छापील वाक्य फेकून द्या. गेल्या २ वर्षांतले ग्राहक, गावातली स्पर्धक रुग्णालये, सॉफ्टवेअर वा ऑटोक्लेव्ह (निर्जंतुकीकरणाचे यंत्र) विकणाऱ्यांकडचे कमिशन, इथे नोकरीला असलेले नातेवाईक, हे नावानिशी लिहून घ्या.

तीस_खाटा
केसपेपरचे पटले. मृत्यू-आढाव्याला मात्र त्याच विषयाचा डॉक्टर लागतो. तालुक्यात तो एकतर आपल्याकडे पेशंट पाठवतो किंवा स्पर्धक असतो. त्यापेक्षा सल्लागार बरा.

निर्जंतुक
तिथेच सल्लागार सर्वांत नको. 'सिस्टरने एसओपी पाळली नाही' हे कारण त्याला सोयीचे असते. रात्रपाळीला एकट्या सिस्टरला ती एसओपी पाळता येण्यासारखी होती का, हा प्रश्न तो स्वतःहून विचारणार नाही. त्याला माहिती द्यायला बोलवा, निष्कर्ष लिहायला नको. निष्कर्षासाठी मेडिकल कॉलेजच्या विभागातला डॉक्टर घ्या. मानधन बैठकीआधीच द्या, म्हणजे निष्कर्ष न आवडल्याने ते अडवता येणार नाही.