पडीक प्लॉट साफ केले तर काय होतं

दादा, शहरातल्या मारामाऱ्या माणसांच्या स्वभावातून होतात, वस्तीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणता. मला हे पटत नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी ५४१ पडीक प्लॉट घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काहींवरचा कचरा काढून गवत-झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं (आत यायला वाट मुद्दाम ठेवून), काही तसेच सोडले. २०१८ साली निष्कर्ष छापून आले: गरीब वस्त्यांत हिरव्या केलेल्या प्लॉटांभोवती बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. माणसं तीच होती!

आमच्या यवतमाळकडच्या गावात प्रश्न बंदुकीचा नाही. पण एसटी थांब्यामागं बेशरमाची झाडी, फुटक्या बाटल्या, खांबावरचा दिवा बंद. अंधार पडला की पोरी वळसा घालून घरी येतात. ग्रामपंचायतीनं आधी तो दिवा लावावा.