पेनड्राइव्ह लावून रॅम वाढते, हे सांगणं आता थांबवा

खटपट्या:
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: "कॉम्प्युटर हळू झालाय? ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावा, रेडीबूस्ट चालू करा, रॅम ३२ जीबी होईल." खाली अंगठ्यांची रांग. एका कॉलेजच्या मुलाने तर "कुठला पेनड्राइव्ह घेऊ?" असं विचारलंय. त्याचे पैसे जाणार म्हणून सविस्तर लिहितोय.

रेडीबूस्ट ही विंडोजमधलीच एक सोय, २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आली. तेव्हा घरोघरी ५१२ एमबी रॅमची मशीनं होती आणि व्हिस्टा त्यात मावत नव्हता. पण रेडीबूस्टने तेव्हाही रॅम वाढत नव्हती. हार्ड डिस्कवरचे जे बारीक तुकडे सारखे लागतात, त्यांची जास्तीची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली जायची, एवढंच. फिरत्या डिस्कला तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, पेनड्राइव्ह तो बराच लवकर देतो. मोठी फाइल सलग वाचायची असेल तर त्या काळच्या पेनड्राइव्हपेक्षा हार्ड डिस्कच पुढे. मूळ मजकूर डिस्कवरच राहतो, म्हणून तर पेनड्राइव्ह मध्येच उपटला तरी काही बुडत नाही.

आणि विंडोज एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) असेल तर रेडीबूस्ट स्वतःच नकार देतं: हा कॉम्प्युटर पुरेसा वेगवान आहे, फायदा होणार नाही.

खर्च करण्याआधी विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स बघा, कशावर किती भार आहे ते तिथे दिसतं. मेमरी (म्हणजे रॅम) अर्धी रिकामी आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल तर एसएसडी घ्या. मेमरी ९० च्या वर असेल तर रॅम. दोन्ही भरलेलं आणि पैसे एकापुरतेच असतील, तर मी आधी एसएसडी घेईन.

जुना_स्टुडिओवाला:
न वापरता बोलणारे फार झालेत. व्हिस्टाच्या काळात आमच्या फोटो स्टुडिओत १ जीबीचं मशीन होतं. लग्नसराईत अल्बमचं काम, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, आणि फोटोशॉप उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. २ जीबीचा पेनड्राइव्ह लावला आणि फरक डोळ्यांनी दिसला. तुमचे मिलिसेकंद तुमच्यापाशी ठेवा.

खटपट्या:
१ जीबीच्या मशीनवर फरक दिसला असेल, नाही म्हणत नाही. सोय त्यासाठीच होती. मायक्रोसॉफ्टचीच शिफारस होती की पेनड्राइव्ह रॅमच्या एक ते अडीच पट असावा. तुमचा दुप्पट, बरोबर बसला. पण त्या आठवणीवर आजच्या ८ जीबीवाल्या मुलाला पेनड्राइव्ह घ्यायला लावणं चूक आहे.

जुना_स्टुडिओवाला:
मी कुणाला घ्यायला लावलं? "कधीच उपयोग नव्हता" असा तुमचा सूर होता, त्याला उत्तर दिलं.

दुरुस्तीवाला_सांगली:
दुकान चालवतो म्हणून लिहितो. दर आठवड्याला कुणीतरी येऊन सांगतं, "रॅम वाढवून द्या." उघडून बघावं तर आत ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क धापा टाकतेय आणि रॅम पुरेशी. एसएसडी टाकली की तेच गिऱ्हाईक खूश. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्याच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) जुनी हार्ड डिस्क बसवतो, फोटो-गाणी तिथेच राहतात.

उलटही होतं. लोक ऑनलाइन रॅम मागवतात आणि लॅपटॉपमध्ये स्लॉटच नसतो, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. किंवा डीडीआर३एल प्रकारची रॅम लागते आणि साधी डीडीआर३ येते, १.३५ आणि १.५ व्होल्टचा फरक, मशीन चालूच होत नाही. आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की बिल सांगताना मलाच कसंतरी होतं. कारखाने एआयच्या सर्व्हरना माल देतायत, घरच्या गिऱ्हाइकाला कोण विचारतो? अशा वेळी फुकटचा उपाय म्हणून पेनड्राइव्हचा मेसेज पसरणारच.

मिंटवाला:
एवढा खर्च करून शेवटी विंडोज १० च ना? त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, इंटेलची आठव्या पिढीच्या आधीची चिप सहसा चालत नाही. धडधाकट मशीनं भंगारात निघालीत. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका, ४ जीबीत सुखाने चालते. लोक शिकायचा आळस करतात, बाकी काही नाही.

डीटीपी_माई:
आळस? वर्षानुवर्षं लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक लावतेय. माझं सगळं काम पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसन्सची किल्ली) जुन्या प्रिंटर पोर्टात बसतं. तो पोर्ट नव्या मदरबोर्डवर असतो का सांगा. तुमच्या मिंटवर हे उघडून दाखवा, मग आळशी म्हणा.

मिंटवाला:
माई, मग युनिकोडमध्ये या ना, ते कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतं! जुना मजकूर त्यात बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात.

डीटीपी_माई:
वापरून पाहिलेत. "दर्‍या" आणि "तर्‍हा" मधला र्‍ तुटतो, रफार भलत्याच अक्षरावर जातो, आणि शेकडो पानांचं प्रूफ पुन्हा वाचावं लागतं. त्या वाचनाचे पैसे छापखाना देणार नाही. फुकट कन्व्हर्टर फुकट कुणाला पडतो?

जुना_स्टुडिओवाला:
माईंना पूर्ण पाठिंबा. पोट ज्याच्यावर आहे ते मशीन बदला म्हणणं सोपं असतं.

मिंटवाला:
आळशी हा शब्द मागे घेतो. पण युनिकोडचं माझं म्हणणं कायम आहे. आज त्या जुन्या फॉन्टमधलं काहीही गूगलवर शोधून सापडत नाही. इतक्या वर्षांचे अंक असे अडकून पडणार, आणि डोंगल मेलं की संपलं. नवं काम तरी युनिकोडमध्ये करा. आणि ते मशीन इंटरनेटवर ठेवू नका.

डीटीपी_माई:
इंटरनेट केव्हाच काढलंय, एवढं कळतं मला. नव्या स्मरणिका युनिकोडमध्ये घ्यायचा विचार करीन, छापखान्याने ऐकलं तर.

आता माझा प्रश्न. विंडोज ७ आहे, ३२ बिट, रॅम ४ जीबी. आमच्या इथल्या एकाने ८ जीबी करायला सांगितलंय. करू का?

दुरुस्तीवाला_सांगली:
मुळीच नको. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढे वापरत नाही. त्यातलीही सव्वातीनच्या आसपासच हाती लागते. वरची रॅम नुसती बसून राहील. एसएसडी टाका, बोर्ड जुना असला तरी फरक पडेल.

डीटीपी_माई:
पण डोंगलचं सॉफ्टवेअर नव्या डिस्कवर चालेल का?

दुरुस्तीवाला_सांगली:
नव्याने इन्स्टॉल करू नका, आहे ती डिस्क क्लोन करून (जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवून) घ्या. लायसन्स डोंगलवर असेल तर बहुतेक चालतं. डिस्कच्या नंबराला बांधलेलं असेल तर पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागेल, म्हणून आधी विकणाऱ्याला विचारा. क्लोन झाल्यावर एका जुन्या अंकाची फाइल उघडून प्रिंट काढून बघा. आणि कुणी काही म्हणो, महिनाभर तरी जुनी डिस्क फॉरमॅट करू देऊ नका.